बॅकअपच्या हार्डडिस्कला कुलूप लावायचं? आधी किल्लीचं बघा

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्यांच्या घरातल्या निम्म्या कागदांचा लगदा झाला. तेव्हापासून त्यांनी उरलेलं सगळं स्कॅन करायचा सपाटा लावला. आज त्यांच्याकडे दोन टीबीच्या दोन एक्स्टर्नल हार्डडिस्क आहेत. एक घरी, एक पुण्याला बहिणीकडे. दिवाळीत आणि मे महिन्यात अदलाबदल. आत वीस वर्षांचे फोटो, घरातल्या सहा जणांचे आधार-पॅन, सातबारा, खरेदीखत, सासूबाईंचे रिपोर्ट. शिवाय मिस्टर घरूनच लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न भरून देतात, त्या सत्तर-ऐंशी क्लायंटची कागदपत्रंही तिथेच. भाचा म्हणतो, डिस्क एन्क्रिप्ट कर, म्हणजे पासवर्डचं कुलूप लाव, कुणाच्या हाती लागली तर पंचाईत. दीर म्हणतात, त्या फंदात पडू नका, पासवर्ड विसरलात की सगळंच गेलं. ऐकायचं कुणाचं?

ताई, दोघांचंही ऐका. भाचा बोलतोय आधार-पॅनच्या फोल्डरबद्दल, दीर बोलतायत फोटोंबद्दल. फक्त दोघांनाही वाटतंय की आपण अख्ख्या डिस्कबद्दल बोलतोय.

मी पुण्यात गेली बावीस वर्षं छोट्या ऑफिसांचे, दवाखान्यांचे आणि घरगुती कॉम्प्युटर सांभाळतो. ‘डिस्क कटकट वाजतेय, बघता का जरा’ असा फोन आला की स्कूटर काढायची, असं माझं काम. त्यामुळे पुढे सांगतोय ते घराच्या आणि घरगुती धंद्याच्या मापाचं आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण तो जवळपास प्रत्येक घरात भेटतो. ‘आमच्या लॅपटॉपला पासवर्ड आहे’ म्हणजे डिस्क सुरक्षित आहे, असं नाही. तो पासवर्ड फक्त विंडोजच्या दारावर बसलेला वॉचमन. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की वॉचमन मागेच राहिला, फायली सगळ्या समोर. आणि एक्स्टर्नल डिस्कला तर वॉचमनही नाही. केबल लावली की उघडी. एन्क्रिप्ट करणं म्हणजे फायलीतला मजकूरच किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा घोळून ठेवणं. चोराला डिस्क मिळाली तरी हातात नुसता कचरा. पण किल्ली हरवली तर तुमच्याही हातात तोच कचरा, आणि इथे किल्लीवाला बोलावून कुलूप फोडायची सोय नाही. माझ्याकडे नाही, कंपनीकडे नाही, कुणाकडेच नाही.

म्हणजे तराजूत दोन भीती आहेत. एक, परक्याला उघडता येणं. दुसरी, आपल्याच माणसांना उघडता न येणं. दोन्ही मी जवळून पाहिल्यात.

पहिली. काही वर्षांपूर्वी सुट्या भागांसाठी जुन्या बाजारातून वापरलेल्या पाच डिस्क घेतल्या. विकणाऱ्याने ‘फॉरमॅट मारून दिल्यात’ म्हणून सांगितलं. सवयीने एकीवर फुकटात मिळणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं आणि चहा करायला गेलो. येऊन बघतो तर एका हाउसिंग सोसायटीचं अख्खं दप्तर स्क्रीनवर: भाडेकरूंचे पोलीस पडताळणीचे फॉर्म, भाडेकरार, आधारच्या दोन्ही बाजू, कॅन्सल केलेले चेक, सभासदांचे फोन नंबर. फॉरमॅट खरंच मारला होता, पण क्विक फॉरमॅट. त्यात पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाटते, पानं जागच्या जागी असतात. मी त्या डिस्कवर संपूर्ण पुसायचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं आणि सकाळी हातोडाही. पण बाजारातून ती माझ्याऐवजी दुसऱ्या कुणी उचलली असती तर?

दुसरी गोष्ट आठवली की अजून वाईट वाटतं. कोथरूडचे एक गृहस्थ, इंजिनिअर, कमालीचे टापटिपीचे. अचानक गेले. दोन महिन्यांनी त्यांच्या पत्नी दोन डिस्क घेऊन आल्या. दोन्ही वेराक्रिप्ट नावाच्या सॉफ्टवेअरने पूर्ण एन्क्रिप्ट केलेल्या. सोबत त्यांची डायरी. डायरीत एलआयसीच्या पॉलिसींचे नंबर, गॅसचा ग्राहक क्रमांक, वीजमीटरचा नंबर, गाडीच्या इंजिनचा नंबरसुद्धा सुवाच्य अक्षरात. या डिस्कचा पासवर्ड मात्र नाही. तो डोक्यात ठेवायचा असतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं असणार आणि ते त्यांनी मनापासून पाळलं. आम्ही तीन रविवार बसलो. मुलीचं पाळण्यातलं नाव, जुन्या स्कूटरचा नंबर, गावाचं नाव उलटं. काही उघडलं नाही. मुलीच्या बारशापासून लग्नापर्यंतचे फोटो त्यात आहेत, आणि डिस्क त्यांच्या कपाटात आहेत. वेराक्रिप्टने आपलं काम चोख केलं, तक्रार कुणाची करणार?

आता तुम्हाला यातली कोणती भीती जास्त, हे परिस्थितीवर आहे. मी लोकांना दोन गोष्टी विचारतो: डिस्क घराबाहेर कशी कशी जाऊ शकते, आणि आत नेमकं काय आहे.

घराबाहेर जाण्याचं म्हटलं की लोकांना चोर आठवतो. घरफोडी करणाऱ्याला खरं तर लॅपटॉप विकून पैसे हवे असतात, तुमचा सातबारा वाचायला त्याला वेळ नाही. पण डिस्क त्याच्यापाशी थांबत नाही, पुढे तीन-चार हातांतून जाते, आणि त्यातल्या एखाद्याला वेळ असतो. तुमच्या बाबतीत तर ती वर्षातून दोनदा सांगली-पुणे प्रवास करते. एसटीच्या वरच्या फळीवर राहून गेलेल्या पिशव्या काय थोड्या असतात? शिवाय बहिणीच्या घरी ती कुणाच्या हाताशी असते, ते तुम्हाला इथे बसून दिसत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित वाट मात्र वेगळीच आहे: वॉरंटी. डिस्क दोन वर्षांत बंद पडली. वॉरंटी तीन वर्षांची. नवी हवी तर जुनी कंपनीला परत द्यायची. पण बंद पडलेली डिस्क तुम्ही पुसणार कशी? ती सुरूच होत नाही. तुमच्यासाठी ती मेलेली, पण सर्किट बोर्ड बदलून ती वाचू शकणारी माणसं आहेत. अशा वेळी दोनच पर्याय उरतात: पाच-सहा हजारांवर पाणी सोडून डिस्कवर हातोडा, नाहीतर देवाचं नाव घेऊन कुरिअर. पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेली असेल तर बिनघोर परत पाठवा. पेन ड्राइव्ह आणि एसएसडीचंही (चिपवाल्या, न फिरणाऱ्या डिस्कचंही) तसंच. त्यांच्यात डिलीट केलेल्या फायलीचे तुकडे आतल्या आत कुठल्या कप्प्यात उरतात ते आपल्या हातात नसतं. नंतर पुसू म्हणण्यापेक्षा आधीच कुलूपबंद लिहिलेलं बरं.

आता आत काय आहे ते. तुमच्या डिस्कवर मला तीन वेगळे ढीग दिसतात.

फोटोंचा ढीग सगळ्यात मोठा आणि चोराला सगळ्यात निरुपयोगी. गणपतीतले, सहलीतले, मुंजीतले फोटो कुणी पाहिले तर तुमचं काय नुकसान? आणि हरवले तर? इथे दिरांचं शंभर टक्के खरं. हा ढीग मी उघडा ठेवतो, माझ्या घरीसुद्धा. मी नसताना माझ्या मुलीने नुसती केबल लावावी आणि आजीचा फोटो दिसावा. तुमच्या फोटोंत काही खासगी असतील, तर तेवढे पुढच्या ढिगात टाका. ते ठरवणारा मी कोण.

दुसरा ढीग घरच्या कागदांचा. आधार, पॅन, बँक स्टेटमेंट, सह्यांचे नमुने, खरेदीखत. एकेक कागद सुटा असला तर फार बिघडत नाही. पण एकाच माणसाचं आधार, पॅन, सही, फोटो आणि पत्ता एका फोल्डरमध्ये मिळाले, तर त्याच्या नावाने कर्जाचा अर्ज करायला लागणारी फाइल तुम्ही स्वतःच लावून दिलीत. हा ढीग कुलपात. शिवाय यातले बरेचसे कागद परत मिळू शकतात: आधार पुन्हा डाउनलोड होतं, सातबारा महाभूलेखवर निघतो, खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते. त्रास होतो, हेलपाटे पडतात, पण मिळतं. म्हणजे अगदी किल्ली हरवलीच तरी इथे आभाळ कोसळत नाही. फोटोंचं तसं नाही. जे परत मिळवता येतं आणि परक्याच्या कामाचं असतं, ते कुलपात. जे परत मिळत नाही आणि परक्याच्या काहीच कामाचं नाही, ते उघडं. माझा सगळा हिशोब एवढाच आहे. सासूबाईंचे रिपोर्ट कुलपात ठेवा, पण ताज्या रिपोर्टांची एक कागदी फाइल हाताशी असू द्या. रात्री दोन वाजता हॉस्पिटलात पासवर्ड कोण शोधणार?

तिसरा ढीग मिस्टरांच्या क्लायंटचा, आणि इथे ‘लावावं का’ हा प्रश्नच नाही. ती कागदपत्रं तुमची नाहीत. स्वतःच्या घराचं दार उघडं टाकायचा हक्क आहे, शेजाऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेल्या दागिन्यांच्या बाबतीत तो नाही. कायदाही हेच म्हणतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा निव्वळ घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला लागू नाही. तुमचे फोटो, तुमची आधार कार्डं त्यातून सुटली. पण व्यवसायासाठी ठेवलेली लोकांची माहिती सुटत नाही. योग्य ती सुरक्षा ठेवली नाही म्हणून होणाऱ्या दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. ती अर्थात मोठ्या माशांसाठी, घरून रिटर्न भरणाऱ्याला कुणी २५० कोटी मागणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियम आले, त्यात सुरक्षेच्या उपायांत एन्क्रिप्शनचं नाव घेऊन उल्लेख आहे, आणि बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली आहे. मी वकील नाही, पण मुदत संपायची वाट बघण्यासारखं हे काम नाही, एवढं सांगतो. मिस्टरांनी आपली वेगळी डिस्क घ्यावी, ती पूर्ण एन्क्रिप्ट करावी, आणि ती बहिणीकडच्या कपाटात जाऊ नये. बहिणीचा आणि त्या क्लायंटचा काय संबंध?

यावर मिस्टर हमखास म्हणतील, ‘पण पीडीएफला पासवर्ड असतोच की.’ असतो. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. आयकर खात्याच्या एआयएसचा, म्हणजे वार्षिक माहिती विवरणाचा, पासवर्ड म्हणजे पॅन आणि जन्मतारीख. आता बघा, फाइलचं नाव क्लायंटच्या नावाने, शेजारी त्याच्या पॅन कार्डाचा फोटो, त्यावर जन्मतारीख ठळक छापलेली. किल्ली कुलपालाच बांधून ठेवल्यासारखं झालं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. आपण इथे डिस्कचा एवढा काथ्याकूट करतोय, आणि तुमचं आधार आतापर्यंत किमान चार झेरॉक्सवाल्यांच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड फोल्डरमध्ये पडलेलं असेल. ‘काका, व्हॉट्सॲपवर पाठवलंय, दोन कॉपी काढा’ म्हणताना आपण विचार करत नाही. म्हणून डिस्कही उघडी ठेवायची का? नाही. झेरॉक्सवाल्याकडे एकेक सुटा कागद आहे, तुमच्या डिस्कवर गठ्ठा आहे. पण डिस्क एन्क्रिप्ट केली म्हणजे आता आपण अभेद्य झालो, असंही वाटून घेऊ नका. शक्य तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार द्या.

आता दिरांच्या बाजूने जे बोललं जातं त्यातलं खरं किती, ते बघू. ‘एक सेक्टर (डिस्कवरचा छोटासा कप्पा) खराब झाला की एन्क्रिप्ट केलेली सगळी डिस्क जाते’ हे मी अनेक दुकानदारांकडून ऐकतो. तसं नसतं. आजच्या पद्धतीत डिस्कचा जो तुकडा खराब झाला, तेवढाच जातो, उघड्या डिस्कवर गेला असता तसाच. धोका आहे तो एका छोट्या जागेचा: जिथे किल्लीची माहिती साठवलेली असते ती जागा. ती गेली तर खरंच सगळं गेलं. म्हणून बिटलॉकर (विंडोजमधलीच एन्क्रिप्ट करायची सोय) तिच्या तीन प्रती ठेवतो आणि वेराक्रिप्ट शेवटाकडे एक राखीव प्रत ठेवतो. डिस्क बिघडल्यावर डेटा काढून देणाऱ्यांचं काम मात्र अवघड होतं, हे खरं. उघड्या डिस्कवरून ते सुटे फोटो वेचून काढू शकतात. एन्क्रिप्ट केलेलीची आधी जमेल तेवढी अख्खी नक्कल काढून मग किल्लीने उघडावी लागते. पण डिस्क बिघडली तर दुसरी आहे, म्हणून तर तुम्ही दोन ठेवल्यात. एकुलती एक डिस्क एन्क्रिप्ट करू का असं कुणी विचारलं, तर मी सांगतो, आधी दुसरी घ्या.

वेग कमी होतो का? दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये या कामाची वेगळी सोय असते. फिरत्या डिस्कवर फरक जाणवतही नाही.

इथवरचं एका दमात सांगतो: फोटो उघडे, घरचे कागद कुलपात, क्लायंटचं सगळं वेगळ्या डिस्कवर आणि पूर्ण कुलपात. आता करायचं कसं, ते.

लॅपटॉपवर विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर वापरा. डिस्कचे दोन भाग करा, दीड टीबीचा ‘फोटो’ आणि उरलेला ‘कागद’. ‘कागद’वर राइट क्लिक, टर्न ऑन बिटलॉकर. विंडोज होम असेल तर एक्स्टर्नल डिस्कला नव्याने बिटलॉकर लावता येत नाही, पण दुसऱ्याने लावलेला उघडता येतो. म्हणजे मिस्टरांच्या प्रोवर तयार केलेली डिस्क तुमच्या होमवर पासवर्डने उघडेल. पुण्याच्या भाच्याकडे मॅक असेल तर त्यावर मात्र उघडणार नाही.

प्रो नसेलच तर वेराक्रिप्ट. फुकट आहे, चांगलं आहे, पण घरात वापरायचं तर अख्खी डिस्क किंवा अख्खा भाग त्याने एन्क्रिप्ट करू नका. कारण असं: ती डिस्क विंडोजला लावली की विंडोजला तिच्यात काहीच कळत नाही आणि समोर चौकट येते, ‘वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करा’. खाली ठळक बटण. तुम्हाला माहीत आहे की ते दाबायचं नसतं. सुट्टीत आलेल्या पुतण्याला माहीत नसतं. माझ्याकडे अशा दोन डिस्क आल्यात. त्याऐवजी डिस्कवर एक मोठी कंटेनर फाइल करा. बाकी डिस्क नेहमीसारखी दिसते, आत ‘कागद’ नावाची एक जाडजूड फाइल, ती वेराक्रिप्टमधून उघडायची. आणि एक खाचखळगा: कंटेनरच्या आत बदल केला तरी वेराक्रिप्ट बाहेरच्या फाइलची तारीख मुद्दाम जुनीच ठेवतं. तारीख बघून नव्या फायली उचलणारं बॅकअप सॉफ्टवेअर तुमच्याकडे असेल, तर त्याला वाटतं काही बदललंच नाही, आणि ते कंटेनर वगळून पुढे जातं. एका डॉक्टरांच्या बाबतीत हे मला आठ महिन्यांनी कळलं. आठ महिन्यांचा बॅकअप एकाच तारखेचा! सेटिंगमध्ये फाइलची तारीख जपण्याची खूण असते, ती काढून टाका.

आकडे टाइप करायची बटणं असलेल्या, ‘आपोआप एन्क्रिप्ट होते’ म्हणणाऱ्या डिस्क मी सुचवत नाही. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी नावाजलेल्या कंपन्यांच्या काही एसएसडींमधलं अंगचं एन्क्रिप्शन पासवर्डशिवाय ओलांडून दाखवलं होतं. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने बिटलॉकरला अशा डिस्कच्या भरवशावर ठेवणं बंद करून सॉफ्टवेअरचं एन्क्रिप्शन नेहमीचं केलं. शिवाय काही एक्स्टर्नल डिस्कमध्ये केबल जोडायच्या छोट्या बोर्डावरच हे काम चालतं. बोर्ड गेला की डिस्क ठणठणीत असूनही वाचता येत नाही.

काम एका दिवसात उरकायला जाऊ नका. दोन टीबी भरलेली डिस्क आहे त्या स्थितीत एन्क्रिप्ट करायची म्हणजे सगळं वाचून परत लिहायचं, बारा-पंधरा तास धरा. त्यात सांगलीत उन्हाळ्यात वीज किती वेळा जाते ते तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक. बिटलॉकर मध्येच थांबला तरी पुढे चालू होतो, पण मी ती परीक्षा घेत नाही. आधी एक तिसरी डिस्क विकत आणा किंवा उसनी घ्या, तिच्यावर सगळ्याची नक्कल घ्या. मग घरची डिस्क रिकामी करून, भाग पाडून, कुलूप लावून भरा. महिनाभर वापरा. त्यानंतरच पुण्याची. दोन्ही डिस्क एकाच आठवड्यात कधीच हाताळायच्या नाहीत.

आता किल्ली. जुन्या गोदरेजच्या कपाटाची किल्ली साड्यांच्या घडीत असते आणि ते घरातल्या दोन बायकांना माहीत असतं, ती पद्धत मला आवडते. डिस्कच्या पासवर्डाचं तेच करायचं. डोक्यात ठेवायचा नाही, डिस्कला चिकटवायचाही नाही.

पासवर्ड म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या. आरतीची पहिली ओळ नको, मुलांची नावं नकोत. डोळे मिटून पंचांगात बोट ठेवा, हवं तर. पण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिणार असाल तर स्पेलिंग कागदावर लिहून ठेवा. ‘ज्वारी’ तुम्ही जे-डब्ल्यू लिहाल, मिस्टर जे-व्ही लिहितील. ‘भाकरी’त काही जण मधला ए घालतात, काही गाळतात. शब्द आठवतोय पण कुलूप उघडत नाही, अशी वेळ मी पाहिली आहे.

बिटलॉकर याशिवाय ४८ आकड्यांची रिकव्हरी की देतो, सहा-सहाचे आठ गट. पासवर्ड विसरलात तर हीच तुमची किल्ली, म्हणून ती कागदावर हवी. तिची एक गंमत सांगतो: प्रत्येक गटाला ११ ने नि:शेष भाग जातो. हाताने उतरवून घेतलीत तर कॅल्क्युलेटरवर आठही गट तपासा. समजा गट १२३४५३ आहे, भागाकार येतो ११२२३, बरोबर. शेवटच्या ३ चा घाईत ८ लिहिला गेला तर भाग जात नाही, म्हणजे तिथेच चूक सापडली. प्रिंट काढणार असाल तर लेझरवर काढा. इंकजेटची शाई पावसाळ्यात फुटते, आणि पावती छापायच्या चकचकीत कागदावरची अक्षरं दोन वर्षांत उडतात. साध्या कागदावर बॉलपेनने लिहिलेलं सगळ्यात टिकतं. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पूर पाहिलेल्या माणसाला हे सांगायला नको.

अशी दोन पाकिटं करा. एक बँकेच्या लॉकरमध्ये, जिथे मृत्युपत्र किंवा एफडीच्या पावत्या असतील तिथे. लॉकरला नॉमिनी लावलाय ना, ते त्याच वेळी बघून घ्या. दुसरं दिरांकडे. हो, दिरांकडेच, कारण विसरण्याची काळजी त्यांनाच आहे. बहिणीकडे नको, तिच्याकडे डिस्क आहे. डिस्क आणि किल्ली एका छपराखाली ठेवायची नाही. मिस्टरांच्या डिस्कची पाकिटं वेगळी. त्यातलं एक लॉकरमध्ये, आणि दुसरं फक्त मिस्टर नसतील तर क्लायंटना कागद परत द्यायचं काम ज्याच्यावर सोपवलंय, त्याच्याकडे.

जाता जाता लॅपटॉपकडेही बघा. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये एन्क्रिप्शन न विचारताच सुरू झालेलं असतं, आणि त्याची की लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना टाकलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. तो पहिल्यांदा चालू कुणी केला होता? बऱ्याचदा दुकानातल्या पोराने, स्वतःच्या ईमेलवर. मग एखाद्या अपडेटनंतर निळा स्क्रीन ४८ आकडे मागतो आणि ते पोर दुकान सोडून गेलेलं असतं. सेटिंगमध्ये जाऊन खातं कुणाचं आहे ते आजच पाहा.

आणि हेही: एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर रॅन्समवेअरचा (फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा) काही परिणाम होत नाही, असं मुळीच नाही. डिस्क लावून, पासवर्ड टाकून उघडलीत की व्हायरसलाही ती उघडीच दिसते; तो तुमच्या कुलपावर स्वतःचं कुलूप लावून जातो. बॅकअप झाला की डिस्क काढायची. रात्रभर लटकत ठेवायची नाही.

सगळं झाल्यावर एक तालीम करा. एखाद्या रविवारी दिरांना त्यांच्याकडचं पाकीट घेऊन बोलवा. तुम्ही आणि मिस्टर स्वयंपाकघरात थांबा, दार लावून. दिरांनी एकट्याने डिस्क लावायची, पाकीट फोडायचं, आणि सासूबाईंच्या पॅन कार्डाची फाइल उघडून दाखवायची. मधे मधे ते हाक मारतील, ‘वहिनी, इथे काय दाबू?’ उत्तर द्यायचं नाही. जिथे अडले, ते पाकिटातल्या कागदावर लिहा, सोप्या मराठीत, अगदी ‘पिवळ्या कुलपाच्या चित्रावर दोनदा क्लिक करा’ इतकं सोपं. मग नवं पाकीट, आणि पुढच्या दिवाळीला परत.